पोटात कॅसेट कुणी घातली?

डेव्हिड क्रोननबर्गचा ‘व्हिडिओड्रोम’ म्हणजे टीव्हीविरुद्धचं कीर्तन, असं जो सांगतो त्याने तो चित्रपट पाहिलेला नसतो. फार तर त्यातलं एक दृश्य पाहिलेलं असतं. टीव्हीचा पडदा फुगतो, त्यावर ओठ उमटतात आणि नायक त्या ओठांत डोकं खुपसतो. एवढ्या भांडवलावर तो मंचावर चढतो, गळा साफ करतो आणि पुढची चाळीस मिनिटं संस्कार, पाश्चात्त्य विकृती, कोवळी मनं आणि मेंदूतली गाठ यांवर बोलत राहतो. छत्तीसगढमधल्या आमच्या नंदिनी नगरातही असे वक्ते येतात. समोर चुनखडीच्या खाणीत उभा जन्म घालवलेली माणसं बसलेली असतात. भिलाईच्या झोतभट्ट्यांत जो चुनखडीचा दगड गेला, तो याच माणसांनी फोडला. आणि त्यांना हा वक्ता सांगतो की तुमचं मन मेणाचं आहे, पडद्यावरचं चित्र त्यावर हवा तसा ठसा उमटवतं. या उर्मटपणाची मला चीड येते.

चित्रपट १९८३ चा. टोरोंटोतल्या एका चिल्लर चॅनलचा मालक मॅक्स रेन (जेम्स वूड्स) आणखी भडक, आणखी हिंसक काहीतरी शोधत असतो. त्याचा तंत्रज्ञ हार्लन त्याला आकाशातून चोरून पकडलेला एक कार्यक्रम दाखवतो. ओल्या मातीची भिंत, तिच्यापुढे माणसांचा छळ. ना कथा, ना संवाद. आधी कळतं की हा संदेश मलेशियातून येतो. मग कळतं, मलेशिया नव्हे, पिट्सबर्ग. शेवटी कळतं की प्रक्षेपण मुळी नव्हतंच, हार्लन टेप लावत होता. त्या चित्राआड दडलेल्या संकेतामुळे बघणाऱ्याच्या मेंदूत गाठ होते, भास सुरू होतात, मॅक्सच्या पोटाला उभी चीर पडते आणि त्या चिरेत कुणीतरी श्वास घेणारी व्हिडिओ कॅसेट सारतं.

आता सांगा, कॅसेट सारणारा कोण?

वक्ता इथेच गप्प होतो, कारण उत्तर त्याच्या घरचं आहे. तो हात अश्लीलतेच्या व्यापाऱ्याचा नाही, तो शुद्धीकरणवाल्याचा आहे. हार्लन तोंडावर सांगतो की आपला समाज मऊ पडला, सडला, बाहेरचं जग मात्र कणखर होत चाललंय, म्हणून आपण शुद्ध आणि बलवान व्हायला हवं. असली घाण बघायला जे येतील त्यांना त्या घाणीनेच संपवायचं, हा हार्लन आणि त्याच्या साथीदारांचा बेत. म्हणजे ज्याला टीव्हीचा विषारी परिणाम म्हणून मंचावरून झोडपलं जातं, तो परिणाम चित्रपटात नीतिमान माणसांनी मुद्दाम तयार केलेला आहे. हार्लनचं ते भाषण मराठीत आणून संस्कृती सप्ताहात वाचा. टाळ्या पडतील आणि कुणाला शंकाही येणार नाही.

हार्लनच्या वर बॅरी कॉन्व्हेक्स आहे. त्याच्या कंपनीचे धंदे दोन. तिसऱ्या जगासाठी स्वस्त चष्मे आणि नाटोसाठी क्षेपणास्त्रांना दिशा दाखवणारी यंत्रणा. गरिबाच्या डोळ्यावर उपकार करणारा आणि बॉम्बला वाट दाखवणारा एकच गृहस्थ! या तपशिलात मला अख्ख्या विसाव्या शतकाचं राजकारण दिसतं. आपल्या वक्त्यांना त्यात फक्त नग्नता दिसते.

क्रोननबर्गला ही जमात चांगली ठाऊक होती. त्याच्या आधीच्या ‘द ब्रूड’ला ऑन्टारियोच्या सेन्सॉर मंडळाने कात्री लावली होती. भास आणि वास्तव यांची गल्लत मनोरुग्ण करतो आणि सेन्सॉर करतो, अशा आशयाचं तो पुढे बोलला. ‘व्हिडिओड्रोम’ हे त्या रागाचं लांबलचक उत्तर आहे. धंद्यात तो आपटला, खर्चाच्या निम्मेही पैसे परत आले नाहीत. मग कॅसेटवरून तो घराघरांत गेला आणि तिथे त्याला त्याचे भक्त भेटले.

आता दुर्ग जिल्ह्यात या. हो, आमच्याच. पडद्याने माणूस घडवण्याचा जगातला एक प्रचंड प्रयोग इथे झाला. आमच्या वक्त्यांना त्याचा पत्ता नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. नाव ‘साइट’, म्हणजे उपग्रहाद्वारे शिकवणाऱ्या दूरदर्शनचा प्रयोग. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. ६ राज्यांतली सुमारे २४०० खेडी निवडली. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतली. गावात एक सामुदायिक टीव्ही आणि छपरावर कोंबड्यांच्या जाळीपासून बनवलेला, सुमारे ३ मीटर व्यासाचा अँटेना. सकाळी शाळकरी पोरांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी, असे दिवसाला चार तास. विक्रम साराभाईंचं ते स्वप्न होतं. यश पाल आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या लोकांनी ते उभं केलं आणि अभियांत्रिकीच्या बाजूने ते अफाट होतं. रस्ता नसलेल्या गावात थेट आकाशातून चित्र उतरवणं ही थट्टा नव्हे. ज्यांनी ते केलं त्यांच्यापुढे मी मान झुकवते.

पण तारीख परत वाचा. आणीबाणी २५ जूनला आली. प्रयोग सुरू झाला ऑगस्टमध्ये. दिल्लीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला, विरोधी नेते तुरुंगात. त्याच वेळी सरकार आमच्या गावांत रोज संध्याकाळी पडदा उजळवून शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि राष्ट्रीय एकात्मता शिकवत होतं. बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तिघांसाठी मिळून हिंदीत, आणि कार्यक्रम तयार होत दिल्लीत. इथे घरात, शेतात, बाजारात छत्तीसगढी बोलली जाते. ज्याला सुधारायचं त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलावं, एवढंही कुणाला सुचलं नाही. का सुचावं? मेणाशी कोणी कुठल्या भाषेत बोलतं का?

आणि मेण काय करतं बघा. सुरुवातीचे दिवस झुंबड उडाली. मग गर्दी ओसरली. लोकांना गाणी हवी होती, नाटक हवं होतं, प्रवचन नको होतं. आवडलं ते बघत, कंटाळा आला की उठून घरी जात. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा काही बाबतींत माहिती वाढलेली दिसली, शाळकरी मुलांच्या भाषेला फायदा झाला, पण शेतकऱ्याने शेती बदलली असं काही हाती लागलं नाही. लागणार कसं? पडद्यावरच्या शेतात पाण्याचा पंप असतो. याच्या शेतात नसतो. बी-बियाणाला कर्ज लागतं, ते टीव्हीतून पाझरत नाही. शेतकऱ्याने बघितलं, तोललं आणि सोडून दिलं. ज्याला तुम्ही अडाणी म्हणता त्याने समीक्षकाचं काम केलं. वर्ष संपलं, उपग्रह परत अमेरिकेच्या आकाशाकडे नेला आणि गावागावांत खोकी काळी पडली. पुढे रायपूरला प्रक्षेपक आला, पण त्याच्या टप्प्यात न येणारी गावं तशीच राहिली.

‘व्हिडिओड्रोम’मध्ये एक धर्मादाय संस्था आहे. बेघर लोक तिथे येतात, छोट्या कप्प्यांत बसतात आणि त्यांना जेवणासारखा टीव्ही वाढला जातो. समाजाशी त्यांचं तुटलेलं नातं त्यातून जुळेल, असं संचालिका बियांका हिचं म्हणणं. समाजशास्त्राच्या वर्गात हे दृश्य अतिशयोक्ती वाटेल. दुर्गमध्ये ते आम्हाला ओळखीचं वाटतं.

आता देहाकडे वळते, कारण ‘व्हिडिओड्रोम’ ज्या देहभयपट प्रकारात मोडतो त्याचा विषयच देह आहे. साइटच्या पडद्यावरच्या बाईने दोन मुलं पुरे म्हणून गोड आवाजात सांगितलं. लोकांनी ऐकलं, काहींनी विचार केला, बाकीचे उठून गेले. मग सरकारने काय केलं? समजावणं सोडलं आणि तंबू ठोकले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. शिक्षकाला कोटा, तलाठ्याला कोटा, पोलिसाला कोटा. संकेताने जे झालं नाही ते चाकूने केलं. माणसाच्या देहाला चीर पडली आणि तिच्यात दिल्लीचा कार्यक्रम घातला गेला. ही रूपकाची भाषा नाही. ज्यांच्यावर ते झालं त्यांची शरीरं खरी होती.

जुनी गोष्ट म्हणून हात झटकू नका. नोव्हेंबर २०१४, बिलासपूर, म्हणजे साइटच्याच तीन जिल्ह्यांपैकी एक. सकरी गावाजवळच्या एका बंद पडलेल्या रुग्णालयात शिबिर लागलं. ८३ बायका, एक सर्जन, काही तास. त्या आणि आसपासच्या शिबिरांत मिळून डझनभराहून अधिक बायका मेल्या. बहुतेक गरीब, दलित, आदिवासी, मागास घरांतल्या. त्या सर्जनचा त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने गौरव केला होता, कारण त्याच्या शस्त्रक्रियांचा आकडा मोठा होता. हे मी ‘देहभयपट’ या शब्दाखाली मांडते. क्रोननबर्गने रबराची पोटं बनवून घेतली, रिक बेकरसारखा कारागीर लावला, तरी तो इथवर पोचला नाही. आणि वक्ता मला सांगतो की समाजाला धोका मालिकांचा आहे!

मग संस्कारवाल्यांचं दुसरं तोंड. २५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी आंघोळ करून लोक टीव्हीपुढे बसत, सेटला हार घालत, उदबत्ती लावत, चपला बाहेर काढत. भिलाईच्या सेक्टरांतही रस्ते ओस पडत. जी मंडळी आदल्या संध्याकाळी टीव्हीला डबडं म्हणायची तीच सकाळी त्या डबड्याला ओवाळायची. आता ठरवा बुवा, हे खोकं राक्षस आहे की देव्हारा? ठरवणार नाहीत. त्यांच्या आवडीचं दिसलं की ते जागरण, दुसऱ्याच्या आवडीचं दिसलं की तो मेंदूचा रोग. सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे.

आणि तिथेही प्रेक्षक मेण नव्हता. मालिका रामाच्या राज्याभिषेकावर थांबणार असं दिसल्यावर उत्तरेतल्या काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. ज्या वाल्मीकींना ते आपला पूर्वज मानतात, त्यांच्या आश्रमातली लव-कुशांची कथा दाखवा, ही मागणी. कचरा साचला, सरकार हललं, पुढचा भाग निघाला. ज्यांना तुम्ही परिणाम भोगणारे म्हणता त्यांनी मालिकेची पुढची पानं लिहून घेतली. याहून सुंदर प्रेक्षकसमीक्षा माझ्या माहितीत नाही. १९९१ च्या निवडणुकीत सीता झालेली दीपिका चिखलिया बडोद्यातून खासदार झाली. रावण झालेले अरविंद त्रिवेदीही साबरकांठातून खासदार झाले. पडदा बघून लोक वाहवत जातात म्हणणाऱ्याने सांगावं, कुणीकडे वाहवले?

उलटही झालं. १९८८ साली गोविंद निहलानींची ‘तमस’ दूरदर्शनवर लागली. फाळणीवरची, भीष्म साहनींच्या कादंबरीवरून केलेली. लगेच ओरड झाली की हे बघून दंगली पेटतील. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहिली, म्हणजे आमचे वक्ते जे कधीच करत नाहीत ते केलं, आणि बंदी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही बंदी नाकारली गेली आणि निवाड्यात आधार घेतला गेला तो नागपूरचा. इंग्रजी अमदानीच्या अखेरीस मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारविरुद्धच्या भगवतीचरण शुक्ला खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक कसोटी घालून दिली होती. शब्दांचा परिणाम जोखायचा तो विचारी, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. कच्च्या, डळमळत्या मनाच्या मापाने नाही. आणि ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास येतो त्याच्या मापाने तर नाहीच.

लक्षात घ्या, दुर्ग तेव्हा त्याच प्रांतात होतं. राजधानी नागपूर, न्यायालय नागपूर. म्हणजे नागपुरातून निघालेली ही कसोटी आमच्या या जिल्ह्यालाही लागू होती. देशातल्या प्रेक्षकाला प्रौढ मानणारा विचार विदर्भातल्या एका न्यायालयात मांडला गेला, आणि त्याच प्रदेशाशी नातं सांगणारी आमची मराठी मंडळी आज प्रेक्षकाला पाळण्यात घालायला निघाली आहेत. दुर्गचा शेतकरी, दल्ली राजहऱ्याचा खाणकामगार हा बोसांचा धीट माणूस नाही, असं यांना कुणी सांगितलं? याच खाणकामगारांनी १९८३ साली, ‘व्हिडिओड्रोम’च्याच वर्षी, स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभं केलं. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने दारू सोडा म्हटलं तर हजारोंनी ऐकलं. ती माणसं पडदा बघून बिघडतात आणि नियोगींचं ऐकून मात्र सुधारतात, असं म्हणायचं आहे का? दोन्हीकडे ती विचार करत होती.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, कारण तो टाळणं माझ्या तत्त्वात बसत नाही. प्रसारणाने माणसं मरत नाहीत का? मरतात. १९९४ साली रवांडात ‘आरटीएलएम’ या रेडिओने लोकांची नावं, त्यांची ठिकाणं वाचून दाखवली आणि कत्तल झाली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये प्रसारमाध्यमांतल्या तिघांना दोषी ठरवलं. पण तिथे नुसता आवाज नव्हता. आवाजामागे यादी होती, यादीमागे हत्यारबंद टोळ्या होत्या, टोळ्यांमागे सत्ता होती. पाठवणारा कोण आणि त्याच्या हाताशी काय, हाच प्रश्न पुन्हा आला ना? असल्या प्रक्षेपणाविरुद्ध कायदा हवा, कडक हवा. पण संस्कारवाले त्याविरुद्ध तोंड उघडत नाहीत. रात्री नऊच्या बातम्यांत कुठल्यातरी जमातीच्या नावाने शंख होतो तेव्हा ते आवाज वाढवतात. त्यांची कात्री फक्त चुंबनावर आणि रक्तावर चालते.

आणि भिलाईत झालेल्या हिंसेत पडद्याचा वाटा किती? २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना त्यांच्या घरात, झोपेत, खिडकीतून गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्याने कुठला भयपट पाहिला होता, असं खटल्यात कुणी विचारलं नाही, कारण तो प्रश्न मूर्खपणाचा ठरला असता. प्रश्न पैशाचा आणि सत्तेचा होता. उद्योगपतींवर आरोप झाले, खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्या, वरच्या न्यायालयात ते सुटले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली फक्त गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. नियोगींच्या हत्येनंतर पुढच्याच वर्षी, १ जुलै १९९२ ला, भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांपैकी कुणी टीव्हीमुळे मेला नाही. त्या काळात घराघरात दिसणारा पडदा सरकारच्याच हातात होता. पडद्याच्या परिणामाचीच काळजी असेल तर त्याने काय दाखवलं नाही, याचीही करा.

‘व्हिडिओड्रोम’चा शेवट वक्ते नेहमी चुकीचा सांगतात. बघा, म्हणतात, टीव्हीत दिसलं तसं केलं आणि पोरगा मेला. खरं काय होतं? कॉन्व्हेक्स कॅसेट घालतो आणि मॅक्स आपल्याच भागीदारांना मारतो. मग बियांका, तीच धर्मादाय संस्थावाली, त्याच्यावर दुसरा कार्यक्रम चढवते आणि तो कॉन्व्हेक्सला मारतो. दुसरा कार्यक्रम पहिल्याच्या विरोधातला, उदात्त, मुक्तीची भाषा बोलणारा. त्याच्या शेवटी पडदा त्याला आत्महत्या करून दाखवतो आणि मॅक्स ती तशीच्या तशी करतो. बियांका जिंकते. ज्याचं पोट फाडलं गेलं त्याला दोन्ही बाजूंनी एकदाही विचारलं नाही की बाबा, तुला काय हवंय? क्रोननबर्ग बियांकालाही सोडत नाही आणि म्हणून मी त्याला मोठा मानते. वाईट कॅसेट काढून चांगली कॅसेट घाला, ही वक्त्यांची योजना आहे. तो म्हणतो, आधी चिरेतून हात बाहेर काढा.